मट्वाराची तूर, साहेलचा किनारा

२८ मे २०२३, रविवार. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेला बसलेल्यांपुढे त्या दिवशी एक प्रश्न आला. चाड, गिनी, माली आणि सुदान हे चार देश अलीकडे जगाच्या नजरेत आले, ते चौघांना लागू पडणाऱ्या कोणत्या कारणाने? पर्याय चार होते. दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांचे मोठे साठे सापडले, चीनने लष्करी तळ उभारले, सहारा वाळवंट दक्षिणेकडे सरकलं किंवा लष्करी उठाव यशस्वी झाले. बरोबर उत्तर शेवटचं. पण प्रश्न काढणाऱ्याने चुकीचे पर्यायही मोठ्या हुशारीने निवडले होते. जमिनीखालचं खनिज, दारात येऊन बसलेलं परकं सैन्य आणि सरकत जाणारं वाळवंट, हे तिन्ही आफ्रिकेच्या बातम्यांचे नेहमीचे विषय. एका प्रश्नात अख्खा अभ्यासक्रम बसवला होता म्हणायचा.

त्याच प्रश्नपत्रिकेत जोड्या जुळवायलाही होत्या. उत्तर किवू आणि इतुरी यांच्यापुढे आर्मेनिया-अझरबैजान युद्ध लिहिलेलं, तर नागोर्नो-काराबाखपुढे मोझांबिकमधली बंडखोरी. एकही जोडी बरोबर नाही. आदल्या वर्षीच्या परीक्षेत काबो देल्गादो हा प्रांत स्पेनमध्ये नेऊन ठेवला होता. ज्याने नकाशा नुसता पाठ केला, तो अशा ठिकाणी अडखळतो. ज्याने बातमी वाचताना बोट नकाशावर ठेवलं, तो हसून पुढे जातो.

ठाण्यात महापालिकेची चिंतामणराव देशमुख प्रशासकीय प्रशिक्षण संस्था आहे, कल्याण-डोंबिवलीत जागोजागी अभ्यासिका आहेत. तिथे बसणाऱ्या बहुतेकांची आफ्रिकेशी खरी ओळख होते ती ‘चालू घडामोडी’च्या वहीतून. शाळेत ती होण्याची शक्यता कमीच. राज्य मंडळाचं २०१८ पासूनचं दहावीचं भूगोलाचं पुस्तक भारत आणि ब्राझील या दोन देशांची तुलना करतं. त्यामुळे ॲमेझॉनच्या खोऱ्यात आपल्या मुलांना वाट सापडते. काँगोच्या खोऱ्यात मात्र ती हरवतात. ब्राझीलशी कुणाचं वाकडं नाही, पण अरबी समुद्र ओलांडला की समोर येतो तो सोमालियाचा किनारा. पावसाच्या तोंडावर ज्याची वाट पाहिली जाते तो चातकसुद्धा तिकडूनच येतो.

आफ्रिका किती मोठी आहे याचाही अंदाज नसतो, आणि त्याला भिंतीवरचा नकाशा जबाबदार आहे. मर्केटरच्या पद्धतीने काढलेल्या नकाशात ध्रुवांकडचे प्रदेश फुगतात आणि विषुववृत्ताजवळचे आक्रसलेले दिसतात. त्यात ग्रीनलंड जवळपास आफ्रिकेएवढं वाटतं. प्रत्यक्षात आफ्रिका ग्रीनलंडच्या चौदापट आहे आणि भारताच्या नऊपट. एकटा काँगो हा देश साडेसात महाराष्ट्रांपेक्षा मोठा. ऑगस्ट २०२५ मध्ये आफ्रिकी महासंघाने हा जुना नकाशा बदलून खरं क्षेत्रफळ दाखवणारा नकाशा वापरावा, या मोहिमेला पाठिंबा दिला. नकाशाची पद्धत हासुद्धा राजकारणाचा विषय झाला तो असा.

तेव्हा सुरुवात नकाशापेक्षा डाळीपासून केलेली बरी.

डोंबिवलीतल्या वाण्याकडची तूरडाळ लातूरची असेल, अकोल्याची असेल, पण ती समुद्र ओलांडून आलेलीही असू शकते. वाशीच्या बाजारात आयात तुरीचे भाव निघतात तेव्हा व्यापारी ती नावानिशी ओळखतात. लेमन म्हणजे म्यानमारची. अरुषा, मट्वारा, गजरी, मलावी या आफ्रिकेच्या. अरुषा हे उत्तर टांझानियातलं, किलिमांजारोच्या बाजूचं शहर. मट्वारा हे त्याच देशाच्या दक्षिण टोकाचं बंदर. गजरी मोझांबिकची. मलावी तर सरळ देशाचंच नाव. ज्या हमालाने आणि दलालाने आफ्रिकेचा नकाशा कधी उघडला नसेल, त्याच्या तोंडी पूर्व आफ्रिकेचा भूगोल रोजच्या रोज असतो.

या तुरीने मोठं राजकारण पाहिलं आहे. २०१५ च्या दिवाळीच्या सुमारास तूरडाळ किलोला दोनशे रुपयांवर गेली आणि देशभर ओरड झाली. जुलै २०१६ मध्ये पंतप्रधान मोदी मोझांबिकची राजधानी मापुतो येथे गेले आणि तूर आयातीचा करार झाला. वर्षाकाठी दोन लाख टनांपर्यंत जाण्याचं ठरलं. तिथले शेतकरी जोमाने तूर पेरू लागले. स्वतः ते ती फारशी खात नाहीत, पीक निघतं ते भारतासाठी. इकडे त्याच खरिपात पाऊस चांगला झाला, मराठवाडा-विदर्भात तुरीचं अमाप पीक आलं, २०१७ मध्ये खरेदी केंद्रांबाहेर ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या. सरकारने ऑगस्टमध्ये तुरीच्या आयातीवर मर्यादा घातली. लातूरचा शेतकरी आधीच बुडाला होता, मग मोझांबिकमधलाही बुडाला. दिल्लीतल्या एका अधिसूचनेने हजारो किलोमीटरवरच्या खेड्यात भाव कोसळले. परकीय हस्तक्षेप म्हटला की डोळ्यांपुढे सैनिक येतात. हा त्याचा बिनबंदुकीचा प्रकार, आणि तो करणारे आपण होतो.

२०२३ च्या अखेरीस पुन्हा खेळ झाला. मोझांबिकमधल्या निर्यातदारांच्या भांडणात, कोर्टकचेऱ्यांत आणि कागदपत्रांत नाकाला बंदरावर तूर अडकली. इकडे भाव चढले. ज्यांनी तोवर नाकाला हे नाव ऐकलं नव्हतं, त्यांना ते तेव्हा कळलं. नाकाला हे आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या उत्तम खोल बंदरांपैकी एक. समुद्र नसलेल्या मलावीचा मालही रेल्वेने तिथे उतरतो.

आता मट्वाराहून थोडं खाली या. रुवुमा नदी लागते. ती ओलांडली की मोझांबिकचा काबो देल्गादो प्रांत, तोच, जो परीक्षेत स्पेनमध्ये नेला होता. २०१० च्या सुमारास इथल्या समुद्राखाली नैसर्गिक वायूचे प्रचंड साठे सापडले. आतल्या भागात मोंतेपुएझला माणकांच्या खाणी आहेत. किनाऱ्यावरचा कोळी आणि आतला शेतकरी मात्र होते तिथेच राहिले. ऑक्टोबर २०१७ मध्ये मोसिंबोआ दा प्राइया या गावात पोलिसांवर हल्ले झाले आणि बंडखोरी पेटली. पुढे ती इस्लामिक स्टेटचं नाव सांगू लागली. सरकारने आधी रशियाचे भाडोत्री सैनिक आणले, ते मार खाऊन परतले. मग दक्षिण आफ्रिकेतले भाडोत्री आले. मार्च २०२१ मध्ये वायू प्रकल्पाच्या शेजारचं पाल्मा गाव बंडखोरांनी उद्ध्वस्त केलं. फ्रान्सच्या टोटल कंपनीने काम थांबवलं. या प्रकल्पात ओएनजीसी विदेश, भारत पेट्रोलियम आणि ऑइल इंडिया या आपल्या सरकारी कंपन्यांचा मिळून ३० टक्के वाटा आहे. म्हणजे पाल्म्याची बातमी माहुलच्या रिफायनरीवाल्यांनाही परकी नव्हती.

आणि मग आला रवांडा. जुलै २०२१ मध्ये त्याचे सुमारे हजार सैनिक विमानाने उतरले आणि महिन्याभरात मोसिंबोआ दा प्राइया परत घेतलं. नकाशा पाहिला तर चक्रावायला होतं. रवांडाची सीमा मोझांबिकला कुठेही लागत नाही. मध्ये अख्खा टांझानिया आहे. रवांडा केवढा? पुणे आणि नाशिक हे दोन जिल्हे एकत्र केले तर त्यात मावून जागा उरेल. स्वतःच्या दाराला समुद्र नाही, तेल नाही. पण शिस्तीचं सैन्य आहे, आणि त्या सैन्याचा खर्च उचलायला युरोपीय संघानेही हात पुढे केला.

काबो देल्गादोत रक्षणकर्ता म्हणून मिरवणारा हा रवांडा पश्चिमेच्या शेजाऱ्याकडे मात्र वेगळ्याच रूपात दिसतो. तिकडे जाण्याआधी मोझांबिकला निरोप देताना एक जुनी गोष्ट सांगायला हवी, कारण ती थेट ठाण्याची आहे.

सतराव्या शतकात ठाणे, वसई, चौल, दमण आणि मोझांबिक यांचा वरिष्ठ एकच होता. गोव्यात बसणारा पोर्तुगीज व्हॉइसरॉय. पोर्तुगिजांच्या लेखी आफ्रिकेचा पूर्व किनारा आणि कोकण किनारा ही एकाच ‘भारत राज्या’ची दोन टोकं होती. १७३७ मध्ये चिमाजी आप्पांच्या मोहिमेत ठाणे मराठ्यांकडे आलं, दोन वर्षांनी वसई पडली. मोझांबिक मात्र १७५२ पर्यंत गोव्याच्याच ताब्यात होतं. तेव्हा वेगळा कारभार सुरू झाला. माणसांची ये-जा पुढेही थांबली नाही. गोव्यात १९२४ मध्ये जन्मलेले आकिनो द ब्रागान्सा मोझांबिकचा स्वातंत्र्यलढा लढणाऱ्या फ्रेलिमो या संघटनेचे मोठे विचारवंत झाले. १९ ऑक्टोबर १९८६ रोजी राष्ट्राध्यक्ष सामोरा माशेल यांचं विमान दक्षिण आफ्रिकेच्या हद्दीत म्बुझिनीजवळ कोसळलं, त्यात तेही गेले. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने विमान भरकटवलं, हा संशय आजही पुसलेला नाही.

आता रवांडाच्या पश्चिमेला. किवू नावाचं सरोवर, त्याच्या उत्तर काठावर गोमा शहर, डोक्यावर न्यिरागोंगो ज्वालामुखी. हा काँगोचा उत्तर किवू प्रांत. राजधानी किन्शासा इथून दीड हजार किलोमीटरहून दूर, मध्ये घनदाट अरण्य, धड रस्ता नाही. गोम्याचा माल पश्चिमेला राजधानीकडे न जाता पूर्वेला रवांडा-युगांडामार्गे मोंबासा किंवा दार-ए-सलामच्या बंदरात उतरतो. एवढं एक वाक्य ध्यानात ठेवलं तरी तिथलं तीस वर्षांचं राजकारण निम्मं उलगडतं. ज्या मातीचा उतार शेजाऱ्याकडे, त्या मातीवर शेजाऱ्याचा डोळा. इथे कोल्टन निघतं, त्यातला टँटलम हा धातू मोबाइलच्या आतल्या चिमुकल्या कपॅसिटरमध्ये जातो. २०२४ मध्ये एम-२३ या बंडखोर गटाने रुबाया हे कोल्टनचं ठाणं घेतलं आणि जानेवारी २०२५ मध्ये गोमा. हाच गट २०१२ मध्येही काही दिवस गोम्यात शिरला होता. रवांडाचे हजारो सैनिक या गटासोबत लढत असल्याचं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाने २०२४ च्या अहवालात नोंदवलं, रवांडा ते नाकारतो. जून २०२५ मध्ये दोन्ही देशांच्या मंत्र्यांनी करारावर सह्या केल्या त्या वॉशिंग्टनला, आणि खनिजांचा विषय त्या समझोत्याबरोबरच आला.

गोम्यात गेली अनेक वर्षं भारतीय सैनिकही आहेत, निळ्या टोप्या घालून. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेतली भारतीय तुकडी उत्तर किवूत तैनात आहे, भारतीय लष्कराचं रुग्णालयही तिथे चालतं. काँगोशी आपलं हे नातं जुनं. ३० जून १९६० रोजी काँगो स्वतंत्र झाला आणि दोन आठवडे उलटायच्या आत दक्षिणेचा कटांगा प्रांत फुटून निघाला. तांब्याच्या खाणी तिथेच होत्या आणि खाणींमागे बेल्जियमची कंपनी होती. पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबा यांची जानेवारी १९६१ मध्ये हत्या झाली. संयुक्त राष्ट्रांच्या सैन्यात भारताची ब्रिगेड गेली, हवाई दलाची कॅनबेरा विमानं गेली. ५ डिसेंबर १९६१ रोजी एलिझाबेथव्हिलमध्ये रस्त्यावरचा अडथळा मोडताना कॅप्टन गुरबचन सिंग सलारिया यांना वीरमरण आलं. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत परमवीर चक्र मिळालेले ते एकमेव. आजच्या नकाशावर एलिझाबेथव्हिल शोधून सापडणार नाही, त्याला आता लुबुम्बाशी म्हणतात. नावं बदलली की नकाशा अडतो. सॉल्सबरीचं हरारे झालं, लॉरेन्सो मार्केसचं मापुतो, अपर व्होल्टाचं बुर्किना फासो. इंग्रजांच्या कागदांत ‘टॅना’ झालेल्या गावातल्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही.

बाहेरचा माणूस म्हटला की तो लुटायलाच आला असं मानायचीही गरज नाही. १९४८ मध्ये नेहरूंनी नैरोबीला भारताचे प्रतिनिधी म्हणून पाठवलं ते औंधच्या राजघराण्यातल्या आप्पा पंतांना. सूर्यनमस्कारांसाठी नाव गाजलेल्या भवानराव पंतप्रतिनिधींचे हे चिरंजीव. केनियात राहून त्यांनी तिथल्या हिंदी व्यापाऱ्यांना वारंवार सुनावलं की, तुमचं भविष्य गोऱ्यांबरोबर नसून आफ्रिकी माणसाबरोबर आहे. तिथले स्वातंत्र्यवादी नेते जोमो केन्याटा यांच्या वर्तुळाशी त्यांची जवळीक होती. ऑक्टोबर १९५२ मध्ये माउ माउ उठावामुळे आणीबाणी आली, केन्याटांवर खटला चालला, बचावाच्या वकिलांत भारतातून गेलेले दिवाण चमनलाल होते. ब्रिटिशांना पंत डोईजड झाले, तक्रारी दिल्लीला पोचल्या आणि १९५४ मध्ये त्यांची नैरोबी सुटली. वसाहतवाल्यांनी त्यांच्यावर ठेवलेला आरोप हस्तक्षेपाचाच होता! शब्द तोच, फक्त तो कोण वापरतो हे पाहायचं.

काँगोच्या अरण्यातून वर उत्तरेला गेलं की झाडं विरळ होत जातात, मग गवत, मग खुरटी बाभूळ, मग वाळू. वाळू आणि गवत यांच्या सीमेवरचा पूर्व-पश्चिम पट्टा म्हणजे साहेल. हा शब्द मराठी माणसाला वेगळ्या वाटेने ओळखीचा आहे. हिंदी गाण्यांत येणारा ‘साहिल’ तो हाच, अरबी, अर्थ किनारा. वाळवंट हा समुद्र, उंट ही गलबतं आणि त्या समुद्राच्या दक्षिण काठावरची टिंबक्टूसारखी शहरं ही बंदरं. याच शब्दाच्या अनेकवचनावरून पूर्व किनाऱ्याच्या भाषेला स्वाहिली हे नाव पडलं. एका टोकाला वाळूचा किनारा, दुसऱ्या टोकाला पाण्याचा. सहारा म्हणजे अरबीत वाळवंटच, त्यामुळे ‘सहारा वाळवंट’ म्हणणं हे ‘गोल वर्तुळ’ म्हणण्यासारखं आहे, पण आता ते रुळलं.

२०११ मध्ये नाटोच्या विमानांनी लिबियात गद्दाफींची सत्ता उलथली. त्यांच्या पदरी असलेले तुआरेग लढवय्ये शस्त्रं घेऊन दक्षिणेला निघाले आणि २०१२ मध्ये उत्तर माली पेटला. लिबिया आणि माली यांच्या सीमा एकमेकींना लागत नाहीत, मध्ये अल्जीरिया आणि नायजर आहेत. पण वाळूच्या समुद्रात कुंपणं नसतात. जानेवारी २०१३ मध्ये फ्रान्सचं सैन्य आलं, राहिलं, आणि दहा वर्षांत नकोसं झालं. मालीत २०२० आणि २०२१ मध्ये, बुर्किना फासोत २०२२ मध्ये दोनदा, नायजरमध्ये जुलै २०२३ मध्ये लष्कराने सत्ता घेतली. फ्रेंच एकेक देश सोडत गेले, अमेरिकेनेही नायजरमधल्या अगादेझचा ड्रोन तळ २०२४ मध्ये रिकामा केला. रशियाचे लोक आले. नायजरने फ्रेंच कंपनीची आर्लितजवळची युरेनियम खाण २०२५ मध्ये सरकारजमा केली. आर्लित वाळवंटात आहे आणि युरेनियम जहाजात चढवायचं तर ते शेजारच्या बेनिनच्या कोटोनू बंदरातूनच जायचं. बेनिनशी बिनसलेलं. खाण आपली झाली, वाट मात्र दुसऱ्याची राहिली.

मालीचं तेच. सप्टेंबर २०२५ पासून जिहादी गटाने डाकार आणि आबिजान या बंदरांकडून येणाऱ्या इंधनाच्या टँकरवर हल्ले सुरू केले, तशी राजधानी बामाकोत पेट्रोल मिळेना, शाळा बंद ठेवाव्या लागल्या. डाकारच्या त्याच वाटेवरच्या ‘काय’ नावाच्या भागात, जुलैच्या पहिल्या दिवशी, एका सिमेंट कारखान्यातल्या तीन भारतीय कामगारांना पळवून नेलं होतं. वर्तमानपत्रात ती चौकटीतली छोटी बातमी होती.

सुदानबद्दल इथे थोडक्यात. १५ एप्रिल २०२३ रोजी सेनापती बुरहान आणि त्यांचे एकेकाळचे सहकारी हेमेदती यांच्यात युद्ध जुंपलं. ऑपरेशन कावेरीत भारताने ३,८६२ माणसं बाहेर काढली, बरीचशी तांबड्या समुद्रावरच्या पोर्ट सुदानहून जेद्दाला आणि तिथून घरी. युद्ध संपलेलं नाही, ऑक्टोबर २०२५ मध्ये दारफुरचं अल फाशेर पडलं. दारफुरच्या सोन्याची वाट दुबईकडे जाते. आणि बाटलीतल्या थंड पेयांत जो डिंक असतो, त्याचा जगातला सर्वांत मोठा पुरवठादार हाच देश, साहेलच्या त्या खुरट्या बाभळींच्या जोरावर.

पोर्ट सुदानहून दक्षिणेला येत गेलं की तांबडा समुद्र निमुळता होतो आणि शेवटी बाब अल-मंदब लागतं. अश्रूंचं दार. रुंदी जेमतेम तीस किलोमीटर, म्हणजे १८५३ मध्ये पहिली आगगाडी बोरीबंदरहून ठाण्याला धावली त्या ३४ किलोमीटरांपेक्षा कमी. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनच्या हुथींनी इथे जहाजांवर हल्ले सुरू केले आणि न्हावाशेव्याहून युरोपला निघालेले कंटेनर केप ऑफ गुड होपला वळसा घालून जाऊ लागले, दहा ते चौदा दिवस जास्त. शाळेत एका वाक्यात संपलेला वास्को द गामाचा मार्ग भिवंडीच्या गोदामवाल्यांना असा नव्याने शिकावा लागला. देशोदेशींची नौदलं तिकडे गुंतलेली पाहून सोमाली चाचेही परत आले. मार्च २०२४ मध्ये आयएनएस कोलकाताने ३५ चाच्यांना पकडून मुंबईत पोलिसांच्या हवाली केलं.

दाराच्या आफ्रिकेकडच्या बाजूला जिबूती. पूर्ण देशात कल्याण-डोंबिवलीपेक्षा कमी माणसं. पण तळ कुणाकुणाचे पाहा: फ्रान्स, अमेरिका, जपान, इटली आणि २०१७ पासून चीन. चाळीतल्या एका खोलीत पाच पोटभाडेकरू ठेवावेत तसा हा संसार, आणि भाड्यावर घर चालतं. मागच्या अंगाला इथिओपिया, बारा कोटींच्या आसपास लोक आणि समुद्र नाही, कारण १९९३ मध्ये इरिट्रिया वेगळा झाला आणि किनारा घेऊन गेला. इथिओपियाचा जवळपास सगळा व्यापार जिबूतीमार्गे होतो, त्यातला काही चिनी कंपन्यांनी बांधलेल्या साडेसातशे किलोमीटरच्या रेल्वेने. म्हणून १ जानेवारी २०२४ रोजी इथिओपियाने सोमालीलँडशी बर्बेरा बाजूच्या किनाऱ्यासाठी समझोता केला तेव्हा सोमालिया भडकला. सोमालीलँड आपलाच भाग, असं सोमालियाचं म्हणणं.

इथिओपियाचं जुनं अरबी नाव अल्-हबश. मराठीतला हबशी त्यावरून आला. जंजिऱ्याच्या सिद्दींच्या संस्थानाला आपल्याकडे हबसाण म्हणत, म्हणजे आफ्रिकेतला एक देश मुरुडच्या किनाऱ्यावर नावासकट वसलेला. अहमदनगरची निजामशाही सावरणारा आणि औरंगाबादच्या जागी खडकी वसवणारा मलिक अंबर तिकडचाच. १६५७ च्या अखेरीस शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि कल्याणच्या खाडीत लढाऊ जहाजं बांधायला घेतली, पोर्तुगीज कारागीर लावून. त्या आरमाराच्या डोळ्यांपुढचा शत्रू सिद्दी होता. दुर्गाडीच्या पायथ्याशी मराठी आरमाराचा जन्म झाला असं अभिमानाने सांगितलं जातं. ते खरंच आहे, फक्त त्या कथेच्या दुसऱ्या टोकाला आफ्रिका आहे हे सांगायचं राहून जातं.

कल्याणला आफ्रिकेची ओळख त्याही आधीची. इसवी सनाच्या सहाव्या शतकात कॉस्मास नावाचा अलेक्झांड्रियाचा व्यापारी ५२५ च्या सुमारास इरिट्रियातल्या आजच्या मसावाजवळच्या अदुलिस बंदरात होता. तिथला अक्सुमचा राजा कालेब तेव्हा समुद्रापलीकडे येमेनवर स्वारीची तयारी करत होता आणि त्याच्या पाठीशी कॉन्स्टँटिनोपलचा सम्राट होता. तोच बाब अल-मंदब, तीच दोन तीरं, आणि दूरच्या महासत्तेची फूस! पुढे साधू झालेल्या या कॉस्मासने आपल्या ग्रंथात भारतातल्या बंदरांमध्ये ‘कल्लियाना’चं नाव लिहिलं, तिथला तांब्या-पितळेचा, इमारती लाकडाचा आणि कापडाचा व्यापार नोंदवला. बहुतेक अभ्यासकांच्या मते ते आपलं कल्याण.

त्याच्याही पाच शतकं आधी एका अनाम ग्रीकभाषी खलाशी-व्यापाऱ्याने लिहिलेला ‘पेरिप्लस’ आहे. आफ्रिकेच्या शिंगावरच्या बंदरांत, आजच्या बर्बेऱ्याच्या परिसरात, अरिअके आणि भडोचकडून काय उतरतं याची त्यात यादी आहे: गहू, तांदूळ, तूप, तिळाचं तेल, सुती कापड आणि उसाची साखर. अरिअके म्हणजे साधारण आपला पश्चिम किनारा आणि त्यामागचा मुलूख. आज तिकडून तूर येते, तेव्हा इकडून तूप जायचं. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या दात्यांची नावं कोरलेली आहेत, ती अशाच भरभराटीच्या काळातली.

पण त्या पुस्तकात खुद्द कल्याणविषयी जे लिहिलंय ते वेगळंच आहे. थोरल्या सरगनसच्या काळात, हा सातकर्णी असावा, ही रीतसर बाजारपेठ होती. मग संदनेस नावाच्या कुणाच्या हाती ती गेली आणि व्यापार अडला. वाट चुकून एखादं ग्रीक जहाज कल्याणला लागलंच, तर त्याच्यावर पहारा बसवून ते भडोचला नेलं जाई. तेव्हा अलेक्झांड्रियात बसून हा मजकूर वाचणाऱ्या एखाद्या व्यापाऱ्याच्या लेखी कल्याण हे गाव खाडीमुळे किंवा सह्याद्रीच्या घाटांमुळे ध्यानात राहण्यासारखं नव्हतं. दोन सत्तांच्या भांडणात अडकलेलं बंदर, तिकडे जहाज नेऊ नये, एवढंच त्याने लिहून घेतलं असणार.